बुधवारचे मिस्टर थॉर्नबी

मला सुरातलं काही कळत नाही, यावर आमच्या घरात आता वाद होत नाही. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा सुनंदाने यमन गाऊन दाखवला आणि मी ‘भूप छान झाला’ असं म्हणालो. तरी लग्न झालं. सासरेबुवांचं म्हणणं असं पडलं की मुलाला गाण्यातलं काहीच कळत नाही, म्हणजे निदान तो त्यात नाक तरी खुपसणार नाही. असा हा मी ऐंशीच्या दशकात, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, एका एपिस्कोपल चर्चच्या क्वायरचा, म्हणजे गायकवृंदाचा, अख्खा श्रोतृवर्ग होतो. एकटा.

‘श्रोतृवर्ग’ हा शब्द मिस्टर थॉर्नबींना मात्र चालला नसता.

आता मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. सुनंदा पुण्याहून येताना तानपुरा मांडीवर घेऊन आली होती. ट्रॉयमध्ये तिच्या गाण्याला ना साथ, ना ऐकणारं कुणी. मी गाड्यांच्या एका कंपनीत इंजिनियर, घरी यायचो ते जेवायला. शेजारी मार्ज नावाच्या एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. एकदा आमच्या दारातला बर्फ ओढताना सुनंदा गुणगुणत होती, ते मार्जने ऐकलं आणि तिला दंडाला धरून आपल्या चर्चमध्ये नेलं. सुनंदाने तिथल्या संगीतप्रमुखांना आधीच सांगून टाकलं, की मी ख्रिश्चन नाही, तुमच्या प्रार्थना मला येत नाहीत.

“मिसेस जोगळेकर,” ते म्हणाले, “तुम्हाला चारपर्यंत आकडे येतात का?”

“येतात.”

“मग पुरे आहे. बायकांचा खालचा सूर तिकडे बसतो.”

हे मिस्टर थॉर्नबी. सुनंदाला त्या काळी बर्फात गाडी चालवायची भीती वाटायची, म्हणून दर बुधवारी ऑफिसातून परस्पर घरी, घरून तिला घेऊन चर्चमध्ये, आणि तिचं होईपर्यंत बाकावर, असा माझा दिनक्रम ठरून गेला. आमची मीनल तेव्हा सहावीत. ती मार्जच्या पुतणीकडे टीव्ही बघत बसायची आणि बापाची कीव करायची. “बाबा, यू डोन्ट ईव्हन लाइक म्युझिक,” असं ती म्हणायची. तिचं काही चूक नव्हतं.

मिस्टर थॉर्नबी मूळचे इंग्रज. उंच, किडकिडीत, वय सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. कोपरांना चामडं लावलेला एकच कोट आणि बोटांची टोकं कापलेले लोकरी हातमोजे. बुधवारी चर्चची हीटिंग पुरती चालू करत नसत आणि गारठलेल्या बोटांनी ऑर्गन वाजत नाही, असं त्यांचं म्हणणं. लहानपणी ते लंडनला, राजवाड्यातल्या चॅपलमध्ये गायचे. राजघराण्याचं खासगी देऊळच म्हणा ना. तिथे शेकडो वर्षं मुलं आणि पुरुष मिळून उपासना गातात, ती मुलं राजाने दिलेले लाल अंगरखे घालतात, एवढं मार्जकडून कळलं होतं. त्यांना स्वतःला विचारलं तर ते दोनच गोष्टी सांगायचे. एक, तिथे फार थंडी असायची. दुसरी मी विचारली म्हणून कळली.

“राजा यायचा का हो ऐकायला?”

“क्वचित. आणि ऐकायला नाही. तोही आमच्यासारखाच यायचा.”

त्यांनी ट्रॉयची नोकरी घेतली ती एकाच अटीवर: रविवारी तुम्ही म्हणाल ते वाजवीन, पण बुधवारी संध्याकाळी मी इव्हनसाँग करणार. इव्हनसाँग म्हणजे संध्याकाळची उपासना, पण जवळपास सगळी गायलेली. त्यात प्रवचन नसतं. कुणी उठून सूचना देत नाही. त्या दिवसाची स्तोत्रं, दोन ठरलेली गीतं, थोडे सवाल-जवाब, एक मोठी रचना, आणि घरी. राजाच्या चॅपलमध्ये हे चालायचं, युद्धात बॉम्ब पडत होते तेव्हाही चालायचं. आता ट्रॉयमध्येही चालणार होतं.

अडचण एवढीच होती की ट्रॉयमध्ये त्याला कुणी येत नसे. पहिली काही वर्षं दोन म्हाताऱ्या यायच्या. एक फ्लोरिडाला गेली, दुसरी देवाघरी. त्यानंतर मी. कधी उठायचं, कधी बसायचं मला कळायचं नाही. पुढच्याचं बघून करावं तर पुढे कुणी नसायचं. मग मी क्वायर उठली की उठायचो आणि त्यांच्यामागून घाईने बसायचो. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखं दिसत असणार ते.

त्यांच्या तालमीला मी सुरुवातीला गाडीत बसून राहायचो. नंतर थंडीने आत आणलं. क्वायरमध्ये एक दंतवैद्य, दोन शिक्षिका, कारखान्यातला एक फोरमन, एक फुलंवाली, अशी साधी माणसं होती. त्यांच्यापुढे मिस्टर थॉर्नबी एक बोट वर करून उभे राहायचे. हातवारे नाहीत, चेहऱ्यावर भाव नाहीत, फक्त बोट. चांगलं झालं तर ते काही बोलायचे नाहीत. वाईट झालं तर “छान होतं” म्हणायचे. पहिल्या दिवशी ‘छान होतं’ ऐकून सुनंदा गाडीत इतकी खूश होती, की मार्जने तिला अर्थ समजावून सांगेपर्यंत दोन आठवडे गेले.

सुनंदाला त्यांनी जे बोलून घेतलं ते तिला आजही पाठ आहे. आपल्याकडे एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना जरा वळण घेत, जरा लाडाने जायचं असतं. तिने तसं केलं. बोट थांबलं.

“मिसेस जोगळेकर, तुम्ही वाटेतल्या प्रत्येक घरी चहाला थांबताय. सरळ जा.”

“मी मुद्दाम नाही केलं.”

“माहीत आहे. तुमचा स्वभाव मनमिळाऊ आहे. तरी सरळ जा.”

घरी येईपर्यंत ती तणतणत होती. “अहो, बारा वर्षं शिकलेय मी! सरळ जा म्हणे! सरळ तर लोखंडाचा रूळही जातो.” पण महिनाभराने एका सकाळी मी दाढी करत असताना तिने आतल्या खोलीत एकच सूर लावला आणि श्वास संपेपर्यंत तसाच धरला. न थरथरता, न सजवता. मग बाहेर येऊन म्हणाली, “गुरुजी खर्ज भरायला लावायचे ना, तेच आहे हे. फक्त हे लोक तिथेच मुक्काम करतात.” तेव्हापासून तिची तक्रार बंद झाली.

एकदा तालीम संपल्यावर त्यांनी तिला विचारलं, की तुम्ही तुमच्याकडे कसं गाता ते दाखवाल का. सुनंदाने उभ्याउभ्याच एक छोटी चीज म्हटली. राग विचारू नका, मी सांगणार नाही. मिस्टर थॉर्नबी डोळे मिटून उभे होते. ती थांबल्यावर ते तडक पियानोकडे गेले, दोन पट्ट्या आळीपाळीने दाबून पाहिल्या, मग दोन्ही एकदम दाबल्या.

“तुम्ही एका ठिकाणी थांबलात. ते या दोघींच्या मध्ये कुठेतरी आहे.”

“हो.”

“इथे नाही ते.” त्यांनी पियानोचं झाकण हळूच लावलं. “पियानोची गैरसोय आहे.”

पियानोबद्दल त्यांचं मत त्यानंतर कायमचं जरा उतरलं, असं मार्ज म्हणायची.

त्यांचं खरं वेड मात्र गाण्याचं नव्हतं, गाण्यामधल्या थांबण्याचं होतं. स्तोत्रातल्या प्रत्येक ओळीचे दोन भाग असतात. पहिला भाग झाला की सगळ्यांनी थांबायचं, आणि मग दुसरा. राजाच्या चॅपलमध्ये दगडी भिंती, वर उंच छत. तिथे आवाज वर जाऊन, फिरून, विरायला वेळ लागायचा. तो विरल्याशिवाय पुढचं म्हटलं तर सगळा चिखल. म्हणून थांबायचं. आता ट्रॉयचं आमचं चर्च म्हणजे विटांची बुटकी इमारत, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. आवाज तोंडातून निघाला की गालिच्यात गडप. तरी मिस्टर थॉर्नबी थांबायचे. तिथलं छत सूर परत द्यायला जेवढा वेळ घ्यायचं, बरोबर तेवढा वेळ. जो प्रतिध्वनी इथे येणारच नव्हता, त्याची सोळा माणसं बोटाकडे बघत वाट बघायची.

“गाता कुणालाही येतं,” ते म्हणायचे. “तुम्ही न गाता कसे दिसता ते मला ऐकवा.”

गालिच्याशी त्यांचं वैर होतं. दर बुधवारी मधल्या वाटेवरची लांब पट्टी ते गुंडाळून ठेवायला लावायचे. फोरमन एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला मी. एवढीच माझी आयुष्यातली संगीतसेवा. पण ती मी मनापासून केली.

आणि एकदा गोंधळही केला. डिसेंबरात एक मोठी रचना चालली होती. सगळे आवाज वेगवेगळ्या वाटांनी हिंडत होते आणि अचानक एका जागी येऊन भेटले. मला कळलं नाही काय झालं, पण तोंडातून मोठ्याने निघून गेलं, “वा!”

रिकाम्या चर्चमध्ये ते फार मोठं वाटलं. सुनंदाने डोळे मिटून घेतले. मिस्टर थॉर्नबी वळले नाहीत. संपल्यावर मात्र ते सावकाश माझ्या बाकापाशी आले.

“मिस्टर जोगळेकर, तुम्ही काही म्हणालात.”

मी समजावून सांगितलं, की आमच्याकडे गाण्यात चांगली जागा आली की ऐकणारा बोलून दाखवतो. नाहीतर गाणाऱ्याला वाटतं हा झोपला. त्यांनी यावर नीट विचार केला.

“प्रत्येक वेळी म्हणता?”

“नाही. आवडलं तरच.”

“म्हणजे तुम्ही ऑक्टोबरपासून येताय आणि आज एकदाच.”

पुढच्या बुधवारी तालमीत ते क्वायरला म्हणाले, “मिस्टर जोगळेकरांना आपण आजवर एकदा आवडलो आहोत. तेव्हा उगाच हुरळून जाऊ नका.” त्यानंतर दंतवैद्य माझ्याकडे जरा भीतीने बघायला लागला.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्याच्या तोंडावर चर्चला नवे रेक्टर आले. रेक्टर म्हणजे तिथले मुख्य पाद्री. फादर डग. वय माझ्याएवढं, जीन्स घालायचे, गिटार वाजवायचे, आणि भेटेल त्याच्या खांद्यावर हात टाकायचे. माणूस खरोखर चांगला होता, हे आधीच सांगतो, कारण पुढे तो वाईट वाटेल. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गावात तरुण कुटुंबं आहेत, पोरंबाळं आहेत, त्यांना बुधवारी संध्याकाळी कुठे जायला जागा नाही. आणि इथे सोळा माणसं रिकाम्या बाकांपुढे गातात.

“रिकाम्या नाही,” मिस्टर थॉर्नबी म्हणाले. “मिस्टर जोगळेकर असतात.”

“ते बायकोला घ्यायला येतात, हॅरल्ड.”

शेजारच्या खोलीतलं हे बोलणं मी मधल्या वाटेवर गालिचा उलगडत ऐकलं. खोटं नव्हतं, पण लागलं.

फादर डगनी आणि चर्चच्या समितीने वसंतापर्यंत मुदत दिली. लोकांना हे हवंय असं दिसलं तर चालू ठेवू, नाहीतर बुधवार तरुण कुटुंबांना. मिस्टर थॉर्नबींनी क्वायरला एका वाक्यात सांगितलं आणि तालीम सुरू केली. पण परतताना मार्ज आमच्या गाडीत बोलली. “त्याच्यासाठी गुरुवार ते मंगळवार म्हणजे बुधवारची तयारी आहे. बायको गेल्यावर त्याला यानेच उभं ठेवलंय. हे गेलं तर तो काय करील, मला विचारू नका.”

त्या रात्री माझ्यातला संघटक जागा झाला. त्या वर्षी मी आमच्या मराठी मंडळाचा कार्यवाह होतो. म्हणजे खुर्च्या मांडणे आणि लोकांना फोन करणे. मी फोन केले. आपल्या सुनंदाचं गाणं आहे, चर्चमध्ये, बुधवारी, नंतर खाली हॉलमध्ये बटाटेवडे. शेवटचं वाक्य ऐकून सगळे हो म्हणाले.

तारीख मी ठरवली, फेब्रुवारीतला मधला बुधवार. तिथेच फसलो. या उपासनेत महिन्याच्या प्रत्येक तारखेला कुठली स्तोत्रं म्हणायची ते शतकानुशतकं ठरलेलं आहे, आणि पंधरा तारखेच्या संध्याकाळी जे येतं ते सगळ्यांत लांबलचक स्तोत्रांपैकी एक. सत्तरच्या वर ओळी. इस्राएल लोकांचा अख्खा इतिहास. एरवी पंधरा तारखेला बुधवार आला की मी ऑफिसातच सँडविच खाऊन निघायचो. आणि मंडळाला बोलावताना नेमकं तेच विसरलो.

फादर डगनी सुचवलं, “आज पाहुणे आहेत. चार-सहा ओळी म्हणू या?”

“आज पंधरा तारीख आहे,” मिस्टर थॉर्नबी म्हणाले. त्यावर चर्चा झाली नाही.

आमची मंडळी आली. बाहेर ढोपरभर बर्फ. आणि देवाच्या दारात आल्यावर आपली माणसं जे करतात ते त्यांनी केलं: बूट काढले. दाराच्या आत बर्फाच्या बुटांचा हा डोंगर. फरशी उघडी, कारण गालिचा मी स्वतः गुंडाळला होता. सगळे मोजे घातलेले पाय उचलत-टेकत, कुडकुडत बाकांवर जाऊन बसले. क्वायर त्याच दारातून झगे घालून, हात जोडून, दोघं दोघं अशी संथ चालत आली, आणि बुटांच्या डोंगराला एकेकट्याने वळसा घालून तिला जावं लागलं. फुलंवालीला हसू आवरेना. मिस्टर थॉर्नबी शेवटी होते. त्यांनी खाली वाकून वाटेतला एक लहान बूट उचलला, त्याच्या जोडीदाराशेजारी नीट ठेवला आणि पुढे गेले.

स्तोत्र सुरू झालं. पहिली अर्धी ओळ. बोट वर. शांतता.

“वा!” नागपूरचे देशपांडे म्हणाले.

त्यांचं काय चुकलं? गायक थांबला, म्हणजे दाद द्यायची जागा. दुसरी अर्धी ओळ, तिसरी, पुन्हा थांबणं. “क्या बात है.” मी मागे वळून हातवारे केले, त्यांना वाटलं मलाही आवडलंय. त्यांना बघून आणखी दोघं-तिघं सुरू झाले. मग मध्येच देशपांडे हातातल्या पुस्तकात बघून बायकोला कुजबुजले, “इथे बेडूक आले म्हणते. मग माशा. बापरे, टोळ बी आले.” बायको म्हणाली, “गप्प बसा हो, वडे थंड होऊन राहिले खाली.” सत्तर ओळींत सत्तर वेळा थांबणं, आणि सुरुवातीला जवळपास प्रत्येक वेळी दाद. मीनल माझ्या शेजारी बसली होती. “बाबा, आय वॉन्ट टु डाय,” ती म्हणाली. मी म्हटलं, “थांब, मी पण येतो.”

मिस्टर थॉर्नबींची पाठ मी बघत होतो. मला वाटलं ते आता थांबायचा वेळ कमी करतील, कुणीही केला असता. त्यांनी केला नाही. पहिल्या ओळीत जेवढं थांबले, शेवटच्या ओळीतही तेवढंच. फक्त अर्ध्यावर कधीतरी एक गोष्ट झाली. देशपांडेही दमले, की त्यांना काही उमगलं, कोण जाणे. ते गप्प झाले. बाकीचेही झाले. उरलेलं स्तोत्र सगळ्या मंडळाने मोज्यांतले पाय एकमेकांवर घासत, श्वास धरून ऐकलं. शेवटी टाळ्या मात्र कडाडून वाजवल्या, आणि त्या वाजवायच्या नसतात हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

हॉलमध्ये फादर डगनी वड्यावर वडे खाल्ले. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “हे बघ, याला म्हणतात चर्च! असं असेल तर बुधवार कोण बंद करतंय?” मी त्या रात्री शीळ वाजवत गाडी चालवली. सुनंदा म्हणाली, “बेसूर आहे, पण वाजवा.”

मी पुढच्या पाळ्याही लावून टाकल्या. या आठवड्यात पुणेकर, पुढच्या आठवड्यात नागपूरकर, मग मुंबईचे, ते वेळेवर येतात म्हणून त्यांना मोठ्या स्तोत्राच्या दिवशी. पुढच्या बुधवारी चर्चमध्ये गेलो तर मिस्टर थॉर्नबींनी मला झगे ठेवायच्या खोलीत बोलावलं. आधी मंडळींचे आभार मानले, एकेकाची चौकशी केली. “ते उंच गृहस्थ, जे पहिल्यांदा बोलत होते, त्यांचा कान चांगला आहे. ते बरोबर जागी बोलत होते.” मग म्हणाले, “मी फादर डगना सांगितलं, की ती मंडळी पुन्हा येणार नाहीत.”

“येतील ना! मी सगळं ठरवलंय.”

“म्हणूनच सांगितलं.” ते हातमोजे काढत होते. “ती तुमच्यासाठी आली, मिस्टर जोगळेकर. त्यांच्यासारखी माणसं मला या गावात भेटली नव्हती. पण फादर डगनी विचारलं होतं, लोकांना हे हवंय का. त्याचं खरं उत्तर ‘नाही’ आहे. खोटं उत्तर देऊन मी चर्चमधल्या बोर्डावर त्या दिवसाच्या स्तोत्राचा आकडा कसा लावू?”

“अहो, पण मग ते बंद करतील!”

“बहुतेक करतील.”

“मग?”

“लोक आले म्हणून गायलो,” ते म्हणाले, “तर ज्या दिवशी येणार नाहीत त्या दिवशी न गाण्याचं कारण मीच त्यांच्या हातात दिलेलं असेल. लहानपणी मला एवढं एकच शिकवलं. बाकीचं मी विसरलोय.”

मला इतका राग आला होता की परतताना दोन सिग्नल मी एक शब्द बोललो नाही. मग बोललो. हा माणूस हटवादी आहे, आपण एवढी धावपळ केली, याला स्वतःचं भलं कळत नाही. सुनंदा खिडकीतून बघत होती.

“तुमच्या आई संध्याकाळी देवापाशी दिवा लावतात,” ती म्हणाली, “तेव्हा घरात किती माणसं आहेत ते मोजतात का?”

“माझ्या आईचा दिवा बंद करायला कुणी समिती नेमलेली नाही.”

“नेमली असती तर आईंनी काय केलं असतं?”

आईने समितीलाच दिव्यात तेल घालायला लावलं असतं.

समितीने जूनअखेर बुधवार थांबवायचं ठरवलं. फादर डग स्वतः सांगायला आले, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मिस्टर थॉर्नबींनी त्यांना खुर्ची दिली. त्या महिन्यांत ते कुणाशी कमी-जास्त बोलले नाहीत. “छान होतं” मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळा ऐकू यायला लागलं, कारण आता त्यांना अजून चांगलं हवं होतं. एरवी कुणी ना कुणी सर्दीने घरी असायचं. आता सोळाच्या सोळा यायचे. फोरमनने आपली पाळी बदलून घेतली. सुनंदाने तर माझ्या भाचीच्या लग्नाला भारतात जायचं पुढे ढकललं, आणि माझ्या बहिणीला त्याचं कारण काय सांगावं हा प्रश्न माझ्याकडे सोपवला. मलाही फरक ऐकू यायला लागला. यावरून तो किती मोठा असेल ते समजून घ्या.

त्यानंतर मिस्टर थॉर्नबी फार दिवस ट्रॉयमध्ये राहिले नाहीत. पश्चिमेला मुलीकडे गेले. तिथल्या एका छोट्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात असं मार्जकडून कळायचं, मग तेही कळेनासं झालं. सुनंदा आता मंडळातल्या मुलींना गाणं शिकवते. एखादी फार नटवून गायला लागली की “सरळ जा” म्हणते. त्या मुलींना आपण कुणाचं बोलणं ऐकतोय याचा पत्ता नाही.

माझ्या डोळ्यांपुढे राहिलाय तो मात्र तो शेवटचा बुधवार. त्या दिवशी सुनंदा मार्जबरोबर आधीच गेली होती आणि मी ऑफिसातून येणार होतो. शेवटच्या दिवशी माझ्या जागी मी असायला हवा, हे मी स्वतःला सकाळपासून बजावत होतो. दोन वर्षांहून जास्त काळ त्या बाकावर मी बसलो होतो. मनातल्या मनात माझी समजूत झाली होती की काही झालं तरी एक माणूस लागतोच, आणि तो मी आहे. आणि नेमकं साहेबांनी चार वाजता सगळ्यांना खोलीत घेतलं, कंपनीच्या नव्या गाडीचं दार नीट लागत नव्हतं म्हणून. ते दार साडेसहापर्यंत लागलं नाही.

मी पोचलो तेव्हा गाड्या उभ्या होत्या आणि बाहेर कुणी नव्हतं. आत व्हरांड्यात आलो. चर्चच्या दाराला छातीच्या उंचीवर एक काच होती. मी ढकलायला हात लावला आणि आतून स्तोत्र ऐकू आलं, म्हणून थांबलो. काचेतून बघितलं. सगळी बाकं रिकामी होती. माझंही. उन्हाळ्यातला उशिरापर्यंतचा उजेड आडवा पडला होता, आणि समोर सोळा माणसं आणि त्यांच्यापुढे ती पाठ. अर्धी ओळ झाली. थांबले. कुणीही नव्हतं, आणि सगळे वाट बघत होते. मग दुसरी अर्धी ओळ.

मला आत जाता आलं असतं. मी हात खाली घेतला. उगाच गर्दी कशाला करायची, असं वाटलं. शेवटच्या आमेनपर्यंत मी तिथेच, ऑफिसची बॅग काखेत धरून उभा राहिलो.

मग दार उघडलं आणि क्वायर दोघं दोघं बाहेर आली. नियमाप्रमाणे कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सुनंदा माझ्यासमोरून नजर सरळ ठेवून गेली, तिचे गाल ओले होते. सगळ्यांत शेवटी मिस्टर थॉर्नबी. मला बघून ते थांबले.

“मिस्टर जोगळेकर. उशीर झाला तुम्हाला.”

“ऑफिसात अडकलो. फार वाईट वाटतंय मला, आजच्या दिवशी तरी…”

“छे, छे, त्यात काय,” ते म्हणाले, एखादी चांगली बातमी द्यावी तसे. “आम्ही थांबलो नव्हतो.”

आणि झगा सावरत ते बाकीच्यांच्या मागून झग्यांच्या खोलीत गेले.